लाहाला आलेली शाळा

बाई,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण ते लाल शाईने तपासून परत आलं असतं. आता ती धास्ती उरली नाही, म्हणून लिहिते. शहाद्याच्या तुमच्याच हायस्कुलात, तुमच्याच वर्गात मी संस्कृत शिकवते. भिंतींना तेवढा नवा रंग लागला आहे. मुलं पाठीमागे मला जे म्हणतात, तेच आम्ही तुम्हाला म्हणायचो. ते काय, हे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं आणि आता सांगून उपयोग नाही. लिहायचं कारण वेगळंच आहे. धडगावच्या पुढे, डोंगरात, त्या पाड्यावरची शाळा, जिथे मास्तर यावा म्हणून तुम्ही चपला झिजवल्यात, ती बंद होणार होती. ती बंद झाली नाही. दुसऱ्या कोणाकडून तुमच्या कानी आलं असतं तर ती मी वाचवली असं तुम्हाला वाटलं असतं, आणि तुम्ही उगाच खूश झाला असतात. म्हणून खरं काय ते मीच सांगते.

तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. डोंगरातल्या पाड्यांसाठीच्या आपल्या संघटनेचं कार्यालय म्हणून दुसरी कुठली जागा नव्हतीच. एका शेगडीवर चहा, दुसऱ्या शेगडीवर पोस्टरं चिकटवायची खळ, आणि मध्ये तुम्ही, कळण्याची भाकरी थापता थापता कोणाचा तरी अर्ज तोंडी सांगताय. एके दिवशी शेजारच्या मामी आल्या, झाकण उचललं, खळीची चव घेतली आणि "बाई, तुम्हनं पिठलं आळणी शे" म्हणत मूठभर मीठ टाकून गेल्या. उपकार करून गेल्या म्हणून आपण काही बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी गावभरच्या शेळ्या भिंतींवरून आपली पोस्टरं सोलून खात होत्या, आणि तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "चला, आपलं म्हणणं शेळ्यांच्या तरी गळी उतरलं." मी तेव्हा अकरावीत. कळसाडीला आमच्या घरी कापूस आणि ऊस सोडून तिसऱ्या कशाची चर्चा होत नसे. मुलगी रविवारी जाते ती संस्कृतच्या जादा तासाला, असं घरी ठाऊक होतं. एकदा आमचे आबा तुम्हाला बाजारात भेटले. "बाई, संस्कृत शिकाले धडगावले कसाले जानं पडस?" तुम्ही पापणी न हलवता उत्तर दिलंत, "तठे गार हवामा पाठांतर चांगलं व्हस." आबांना ते पटलं. तुमचं कोणालाही पटायचं, हीच तुमची मोठी अडचण होती. पुढे डोंगरात ती चांगलीच नडली.

माझं पहिलं भाषण तुम्ही त्याच स्वयंपाकघरात ऐकलंत. मी ते रात्र रात्र जागून सजवलं होतं, चार ओळींचा एकेक समास. तुम्ही भाकरी उलटलीत, तव्याकडे बघतच विचारलंत, "भाषण शे का श्राद्ध शे हाई?" मी रडले. तुम्ही मला रडू दिलंत, मग ठेचा वाढलात, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळावं. आज माझ्या वर्गातली मुलं तसं काही लिहून आणतात तेव्हा मी हाच प्रश्न विचारते, फक्त प्रमाण मराठीत, आणि ठेचा देत नाही.

आता ती पहिली बैठक. पाड्यावर शाळेची खोली उभी होती, फळा होता, घंटासुद्धा होती. मास्तर तेवढा नव्हता. त्याची नेमणूक झालेली, पगार चालू, आणि तो मात्र डोंगर चढत नव्हता. तुम्ही मला घेऊन, धडगावला सवाऱ्या नेणाऱ्या चाचांच्या जीपने वर गेलात. कारभाऱ्याच्या, म्हणजे त्या पाड्याच्या प्रमुखाच्या अंगणात सगळे जमले, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. तुम्ही उभं राहून सांगितलंत: सोमवारी सगळ्यांनी फाट्यावर जमायचं, तिथून धडगावच्या कचेरीवर मोर्चा, मास्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही. फार सुरेख बोललात. मग विचारलंत, "कोणाचं काही म्हणणं आहे?" कोणी हललं नाही. एक कोंबडी तेवढी अंगण ओलांडून गेली. "हरकत आहे का कोणाची?" पुन्हा सगळं शांत. तुम्ही माझ्याकडे वाकून, वर्गातल्याच त्या तृप्त आवाजात म्हणालात, "मौन हे संमतीचं लक्षण." मी मान डोलावली. दोन संस्कृतज्ञांनी एकमताने ठरवलेली गोष्ट चुकीची असेल, असं मला त्या वयात वाटणं शक्यच नव्हतं.

सोमवारी सकाळी फाट्यावर तुम्ही आहात, मी आहे, गुंडाळलेला फलक आहे आणि बोनेटला टेकून चहा पिणारे चाचा आहेत. ऊन वर येतं. रस्त्याने एक बैलगाडी जाते, ती आपली नसते. चाचा पेला झटकून म्हणतात, "बाई, तुम्हना मोर्चा तं मन्ही जीपमाच बसी जाई." तुम्ही हसत नाही. वर चला म्हणता. पाड्यावर पोचतो तो सगळी घरं रिकामी. माणसं बघायला मिळतात ती उतारावर, मोहाच्या झाडांखाली, म्हातारी, पोरं, सगळी ओणवी, टोपल्यांत फुलं वेचताना. वर्षातून थोडेच दिवस मोह गळतो आणि त्यावर घराचा पुढचा सगळा हिशेब असतो, हे आपल्या ऊसवाल्या डोक्यांत आलंच नव्हतं. कारभारी दादा आपल्याला बघून मनापासून आनंदले.

"फुलं पडतात, बाई. आता कसं येणार?"

"मग काल का नाही सांगितलंत, दादा?"

"तुम्ही पाहुणे. एवढा डोंगर चढून आल्या, आमच्याकडचं पाणी प्यालात. पाहुण्याच्या तोंडावर कोणी नाही म्हणतं का?"

"अहो, पण सगळे गप्प बसलात!"

"तेच तर नाही होतं," दादा म्हणाले. "चांगले मोठ्याने गप्प बसलो होतो."

तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला आहे, बाई. व्याकरणात कोणी तुमची चूक काढली असती तरी तो तसा झाला नसता. पण तुम्ही पदर खोचलात, एक टोपली मागून घेतलीत आणि दिवसभर फुलं वेचलीत. मलाही वेचायला लावलीत. ओणवं राहून माझी कंबर धरली. दुपारी झाडाखाली भाकरी खाताना दादांनी तुम्हाला विचारलं, मोर्चा पुढच्या महिन्यात केला तर मास्तर पळून जाईल का? तुम्ही म्हणालात, "जो आलाच नाही तो पळेल कसा?" हे ऐकून सगळा उतार हसला, आणि मोर्चाची तारीख त्या हसण्यात ठरली. पुढच्या आठवड्यात वर्गात तुम्ही फळ्यावर ते मौनाचं वचन लिहिलंत, खाली रेघ मारलीत आणि सांगितलंत, "हे तापीकाठी चालतं. सातपुड्यात चालत नाही. परीक्षेत आलं तर लिहा, जगताना जपून वापरा."

त्यानंतर तुम्ही बैठकीची रीतच बदललीत. आपलं म्हणणं मांडायचं, मग चपला घालायच्या आणि खाली नाल्यावर जाऊन बसायचं. पाहुणा अंगणात असेपर्यंत पाहुणचार चालतो, चर्चा चालत नाही. पाहुणा उठला की माणसं भांडायला मोकळी होतात. भांडून झालं की बोलावतील. नाही बोलावलं तर तेही उत्तर. दुसऱ्या संघटनांचे लोक तुम्हाला हसायचे. कार्यकर्तीच बैठकीतून उठून जाते, हे काय नेतृत्व! तुम्ही नाल्यात पाय सोडून चणे खात बसायचात आणि मला संस्कृतची रूपं विचारायचात. मोह संपल्यावर तो मोर्चा निघाला, आणि पाडेच्या पाडे रिकामे झाले. मास्तर आला. तो पुढे चांगला निघाला, हे तुम्हीही मान्य केलंत, जरा नाखुशीनेच.

आजारपणात तुम्ही मला बोलावून घेतलंत. मला वाटलं पुस्तकं द्याल. तुम्ही म्हणालात, "चाचांच्या जीपमधली पुढची जागा आता तुझी." पुस्तकं ग्रंथालयाला गेली. पुढच्या रविवारी मी बिचकत मागे बसायला गेले तर चाचांनी पुढच्या सीटवरच्या गिऱ्हाइकाला उठवलं. "ती बाईनी जागा शे, भाऊ. मांगे बठ." मी बसले. तेव्हापासून बसते आहे. चाचा गेले, आता त्यांचा मुलगा चालवतो, आणि घाटाच्या वळणावर बापासारखाच मोबाइलवर, माफ करा, तुमच्या वेळी मोबाइल नव्हता, बापासारखाच मागे वळून गप्पा मारतो.

आता या वर्षाचं. वरून आदेश आला, की पट कमी असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेला जोडायच्या. आपल्या पाड्याची शाळा नाल्यापलीकडच्या शाळेत जाणार. नकाशात ती शाळा खरंच जवळ आहे. पावसाळ्यात तो नाला कसा होतो हे नकाशात नसतं. म्हणजे सहा-सहा वर्षांच्या पोरांनी एकतर पावसाळाभर घरी बसायचं, किंवा आईला सोडून दूरच्या वसतिगृहात राहायचं. संघटनेचं काम आता कारभारी दादांची नात बघते. याच शाळेत शिकली, मग शहाद्याला कॉलेज, पाड्यातली पहिली पदवीधर, आता याच शाळेत शिकवतेही. फार कमी बोलते. तुमच्या हाताखाली असती तर तुम्हाला तिची जरा भीती वाटली असती.

मी बैठकीला पूर्ण तयारीने गेले. धडगावला मोठा मोर्चा, पत्रकार, आसपासच्या सगळ्या पाड्यांना हाक. घोषणाही रचल्या होत्या. एकीत तर अनुप्रास इतका साधला होता की जीपमध्ये मी ती दोनदा पुटपुटले. अंगणात सगळं मांडलं. सगळे गप्प. मला वाटलं, असू दे, हे मला ठाऊक आहे, बघू कोण आधी बोलतंय. नातीने विचारलं, "ताई, झालं तुमचं?"

"झालं."

"मग चप्पल घाला."

मी म्हटलं, "अगं, मी काय आता पाहुणी आहे का?"

"मोर्चा तुमचा आहे ना? मग पाहुण्याच की."

गेले. नाल्यावर बसले. उन्हाळा सरत आलेला, पाणी नावापुरतं. चणे आणले नव्हते. वरून आधी पुरुषांचे चढे आवाज, मग एका म्हातारीचा एकटीचाच आवाज, मग भांडण, आणि मग सगळ्या अंगणाचं हसणं. त्या हसण्याच्या अलीकडे 'ताई' असा शब्द स्पष्ट ऐकू आला. बोलावणं आलं तेव्हा माझी सावली चांगली लांब झाली होती.

"मोर्चा नको," नात म्हणाली. "मोर्चा एका दिवसाचा. ते लोक दार लावून घेतात, संध्याकाळी आपण घरी. आम्ही शाळाच घेऊन जातो. लाहाला."

लाह तुम्हाला सांगायला नको, पण लिहिते आहे तर नीट लिहावं. एखाद्याच्या शेतात काम फार झालं, त्याच्या घरच्यांनी उरकेना, की सगळा पाडा येऊन एका दिवसात ते करून देतो. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्याने आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढंच. तुम्ही आणि मी निंदणीचा लाह कितीदा पाहिला. त्यातून आंदोलन निघेल हे दोघींपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मी विचारलं, "याला लोक आंदोलन म्हणतील का?" ती म्हणाली, "नाही म्हटलं तर नाही. जेवण देतील का, ते बघायचं."

शाळा उघडायच्या दिवशी धडगावच्या कचेरीच्या ओट्यावर फळा टेकवला गेला, घंटा वाजली, पोरं रांगेत बसली. दर घराने पाळी लावून घेतली होती; एकेका दिवशी एकेका घरची मोठी माणसं मुलांबरोबर. शिकवत होती नातच. शिक्षण खात्याचे साहेब बाहेर आले. नाशिककडचे, नवीनच बदलून आलेले, माणूस वाईट नाही, चष्मा सारखा पुसतात.

"हे काय चाललंय?"

"शाळा, साहेब."

"इथे?"

"शाळा चालवणं तुमचं शेत. तुमच्या एकट्याच्याने उरकत नाही असं आदेशावरून दिसलं. म्हणून आम्ही लाहाला आलो."

"पण मी कोणाला बोलावलेलं नाही!"

मागून ती बैठकीतली म्हातारी पावरीत, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या बोलीत, काहीतरी बोलली आणि ओट्यावर हशा पिकला. साहेबांनी नातीकडे पाहिलं. तिने अर्थ सांगितला, "ती म्हणते, शेत कुठे हाक मारतं? तण दिसलं की माणसं येतात."

साहेब आत वळणार, एवढ्यात त्यांचाच कारकून उठून उभा राहिला. तो पलीकडच्याच डोंगरातला. त्याचा चेहरा पडला होता, एखाद्याच्या घरी पाहुणे आलेत आणि चूल थंड आहे, असा. "साहेब, आता जेवण द्यावं लागतं."

"कोणी?"

"ज्याचं शेत त्याने."

"नियमात बसतं का हे?"

"आमच्या बसतं, साहेब."

त्या दिवशी समोरच्या हॉटेलातून पोहे आले. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या माणसांनी घरून भांडी आणली आणि मागच्या आवारात डाळ-भात शिजायला लागला. त्यांच्यात निम्मे डोंगरातलेच. लाहाला आलेली पोरं त्यांच्या दारातून उपाशी गेली असती तर त्यांना गावी तोंड दाखवायला जागा उरली नसती. घोषणांनी जी दारं बंद होतात ती डाळीच्या वासाने उघडी राहिली. दाखल्याला आलेले लोकसुद्धा पंगतीत बसून गेले. माझा अनुप्रास पर्समध्येच राहिला.

मग म्हातारीने दुसरी रीत काढली. लाहाच्या दिवशी शेताचा मालक बांधावर बसून राहत नाही, सगळ्यांच्या आधी रांगेत उतरतो. साहेब आधी संकोचले, मग खडू घेतला आणि पहिलीला वजाबाकी शिकवायला लागले. छान शिकवत होते, आंबे, पेरू, सगळं काढून. पोरं टकामका बघत गप्प. साहेबांना वाटलं समजलं. मला मागे बसून हसू आवरेना, कारण ते गप्प बसणं मी ओळखलं होतं. नातीने तेच पावरीत एका वाक्यात सांगितलं आणि सगळी पोरं एकदम उत्तर ओरडली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पलीकडच्या शाळेत हे असं कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. या वेळी तेही समजले.

पाऊस लागल्यावर ते स्वतः पाड्यावर आले, नाला बघायला. बघितला. मग पाणी चढलं आणि उतरेपर्यंत त्यांना पाड्यावरच राहावं लागलं. ज्या ज्या घरी जेवले त्या घरांनी त्यांना एका शब्दाने शाळेचं विचारलं नाही. पाहुण्याला कसं विचारणार? परत गेल्यावर त्यांनी वर कळवलं, जोर लावला, आणि शाळा आहे तिथेच राहिली. आता दुसरे पाडे नातीला बोलावतात. तिथे तीही आपलं म्हणणं मांडते, उठते, चपला घालते आणि खाली जाऊन बसते. तिची भाषा, तिचे डोंगर, तरी बसते. मला विचाराल तर चळवळ पुढे गेली ती इथे. तुम्ही आणि मी उठायचो कारण आपण परक्या होतो. ती उठते कारण तिला माहीत आहे, की जो निर्णय तिच्यासमोर होईल तो तिचाच होईल. हे वाक्य जरा समासासारखं झालं आहे, पण खोडत नाही.

एक राहिलं. नाल्यावर बसून मला 'ताई' ऐकू आलं आणि हसणं ऐकू आलं. मधलं काही कळलं नाही. नंतर नातीला विचारलं तर म्हणाली, "ते भाषांतरात मरतं, ताई." इतकी वर्षं त्या पाड्यावर जाते, पावरीत पाणी मागता येतं, पण पाणी गोड आहे हे सांगता येत नाही. जी भाषा कोणी घरात बोलत नाही तिची सगळी रूपं मला तोंडपाठ. तर सध्या मी महिन्यातल्या एका शनिवारी वर जाते आणि पहिलीच्या वर्गात शेवटच्या पट्टीवर बसते. माझ्या उच्चारांवर पोरं पोट धरून लोळतात. शेजारी एक मुलगी बसते, ती माझी पाटी तपासते आणि फार कडक आहे. माझं नाव हजेरीत घे, तेवढाच पट वाढेल, असं मी नातीला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, वय बसत नाही.

हे पत्र टाकणार नाही. पत्ता नाही ही अडचण आहेच, पण खरी अडचण अशी की बिनपत्त्याचं पत्र पोस्टात उघडतात, आणि तिथे खिडकीवर माझाच विद्यार्थी बसतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहाद्याला कळेल. हायस्कुलात त्या शनिवारच्या रजेच्या अर्जावर मी गुडघेदुखी असं कारण लिहिते. धडगावला एक वैदू चांगलं तेल चोळून देतो, असं मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं आहे. त्यांनी परवा स्वतःच्या गुडघ्यासाठी त्याचा पत्ता मागितला. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही, बाई.